‘लिलाव’ शब्दाची कुळकथा
कचेरीच्या फलकावर ‘जाहीर लिलाव’ ही अक्षरे दिसली, की थकबाकीदाराच्या पोटात गोळा उठतो. हा शब्द इतका आपला झाला आहे, की तो परका असावा अशी शंकाही येत नाही. वस्तुतः तो पोर्तुगीज ‘लेइलांव’वरून मराठीत आला, आणि पोर्तुगीजांनी तो अरबी भाषेतून उचलला, जिथे ‘अल्-इअलाम’ म्हणजे जाहीर करणे, कळविणे. आपले ‘मालूम’ आणि ‘तालीम’ हे शब्द त्याच अरबी धातूपासून झालेले आहेत.

तेव्हा लिलावाचा मूळ अर्थ विक्री नव्हे, वर्दी! ज्याची जमीन वा भांडी विकावयाची, त्याला आणि साऱ्या गावाला आधी मालूम झाले पाहिजे. चार जणांत गुपचूप उरकलेल्या विक्रीस लिलाव म्हणणे शब्दार्थानेही चूकच. ‘जाहीर लिलाव’ ही तर द्विरुक्ती ठरते. पण व्यवहारात ती असू द्यावी.

पोर्तुगीज शब्दाच्या अखेरीस असलेला अनुनासिक उच्चार प्रत्येकाने आपापल्या जिभेप्रमाणे वळविला. मराठीत ‘व’ आला, गुजरातीत ‘लिलाम’ झाले, हिंदीने आरंभीचा ‘ल’ही बदलून ‘नीलाम’ केले, तमिळमध्ये ‘एलम’ उरले. पार मलाय भाषेतही ‘लेलांग’ म्हणजे लिलावच.