जो परवानाच नाही, त्याची फी

पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण तो माणूस शेवटपर्यंत मला ‘ताई’ म्हणत राहिला याचा राग जास्त आहे.

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला माझं छोटं मसाज सेंटर आहे. फक्त बायकांसाठी. बाळंतिणी येतात, गुडघे धरलेल्या आज्या येतात, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून मान आखडलेल्या मुली येतात. आम्ही चौघीजणी काम करतो. नाशिकच्या पेपरात दर थोड्या दिवसांनी ‘स्पा सेंटरवर छापा’ अशी बातमी येते आणि ती वाचून शेजारीपाजारी आमच्या दाराकडे बघतात. आमच्या धंद्यातल्या प्रत्येक सरळ बाईला ही भीती असते. एजंट लोक नेमकी तीच विकत बसलेत.

मला ‘ताई’ म्हणणारे हे एजंट फाइल घेऊनच आले. म्हणाले, आता मसाजला स्टेट लायसन्स कंपल्सरी झालंय. प्रत्येक थेरपिस्टचे साडेचार हजार, सेंटरचे बारा हजार, दरवर्षी रिन्युअल. मोबाइलवर कुठल्याशा अमेरिकन राज्याचा फीचा तक्ताही दाखवला. आता यात न पटण्यासारखं काय होतं? माझी भाची टेक्सासला असते. तिथे पाचशे तासांचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय मसाजचा परवाना मिळत नाही आणि दुकानाचा परवाना वेगळा काढावा लागतो, हे मला तिच्याकडूनच माहीत होतं. न्यूयॉर्कमध्ये तर हजार तास. महाराष्ट्रानेही तसं काही सुरू केलं असेल, असं कुणालाही वाटलं असतं. मी पैसे दिले आणि परवाना हातात आला. तीन सिंहांचं चित्र, होलोग्राम, गोल शिक्का, लॅमिनेशन, सगळं होतं त्या कागदावर. सही मात्र कुणाची, ते वाचता येत नव्हतं.

पुढे एका तपासणीत पोलीस आले. सोबत एक महिला उपनिरीक्षक होत्या. मी अभिमानाने भिंतीवरची फ्रेम काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरली, उलटी करून मागची बाजू पाहिली आणि विचारलं, “हे कोणत्या कायद्याखाली दिलंय?” मी पहिल्यांदा ते बारकाईने वाचलं. कलम नाही, अधिनियम नाही, खात्याचं नाव नाही. ‘राज्य परवाना विभाग’ एवढंच. त्यांनी फ्रेम टेबलावर पालथी ठेवली आणि गुमास्ता, भाडेकरार, चौघींचे आधार आणि गिऱ्हाइकांचं रजिस्टर मागितलं. ते सगळं माझ्याकडे व्यवस्थित होतं. त्या पाहून निघून गेल्या. फ्रेमकडे परत बघितलंही नाही.

त्या एजंटला फोन केला. “ताई, खालच्या लोकांना माहीत नसतं, नवीन जीआर आहे.” म्हटलं, पाठवा. त्याने खरंच एक जीआर पाठवला. प्रत्येक शासन निर्णयावर अठरा आकडी सांकेतांक असतो. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकला तर निर्णय अस्सल निघाला, पण विषय कौशल्य प्रशिक्षणाच्या भलत्याच योजनेचा. मसाज हा शब्द त्यात शोधूनही सापडला नाही. हे सांगितल्यावर त्याचा सूर बदलला. म्हणे, मी फी घेतलीच नव्हती, ते कन्सल्टेशनचे चार्जेस होते. पावती काढून पाहिली, तर त्यावर तसंच लिहिलेलं! म्हणजे पावती फाडतानाच याने पळवाट ठेवली होती.

मग मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपये लागतात. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, नाहीतर परत येतो, हे ध्यानात ठेवा. आपली कर्मकहाणी लिहू नका. ‘मसाज थेरपिस्टसाठी राज्य शासनाचा परवाना आहे का, असल्यास कायदा, कलम आणि शुल्क’ एवढंच विचारा. उत्तर आलं: असा परवाना या कार्यालयाकडून दिला जात नाही. एका ओळीचं उत्तर, पण ते लेखी आहे.

तर आपल्याकडे खरं काय लागतं? दुकाने व आस्थापनांचा, म्हणजे गुमास्त्याचा, कायदा २०१७ साली बदलला. जुन्या १९४८च्या कायद्यात नोंदणी होती, फी होती, रिन्युअल होतं. आता वीसपेक्षा कमी माणसं असतील तर ऑनलाइन फक्त सूचना द्यायची, पोचपावती मिळते. त्याला किरकोळ सेवाशुल्क आणि त्यावरचा जीएसटी लागतो, बस. एजंट मात्र अजून १९४८मध्येच राहतात आणि गुमास्त्याच्या ‘रिन्युअल’चे हजारो रुपये उकळतात. उद्यम नोंदणी तर पूर्ण फुकट आहे. सरकारी वाटावी अशा नावाच्या साइटवर कुणी तिचे पैसे मागितले, तर खिडकी बंद करा. व्यवसाय कर वर्षाला अडीच हजार रुपये आहे, तो भरावाच लागतो. पण तो कर आहे, धंद्याची परवानगी नव्हे. जीएसटी वीस लाखांच्या उलाढालीनंतर येतो. २२ सप्टेंबर २०२५पासून या सेवांवर तो अठराचा पाच टक्के झालाय, आमची मजल अजून तिथवर नाही. पाटी मराठीत हवी, हे २०२२पासून छोट्या दुकानांनाही लागू आहे. घरपट्टी बिगरनिवासी लागते का आणि महापालिकेचं आणखी काही लागतं का, ते तिच्या नागरी सुविधा केंद्रात स्वतः जाऊन विचारा. एका कार्यालयाच्या खिडकीवर मला सांगितलं गेलं, “मॅडम, एजंटकडूनच करून घ्या ना, सोपं पडतं.” सोपं कुणाला पडतं, हे मी तिथे बोलले नाही.

कोर्सचं प्रमाणपत्र म्हणजेही परवाना नव्हे. आमच्या दोन मुलींनी स्पा थेरपीचा कोर्स केलाय. त्याने हात चांगला झाला, गिऱ्हाईक वाढलं, एवढाच त्याचा उपयोग, आणि तो पुष्कळ आहे. फिजिओथेरपिस्टना राज्याच्या परिषदेकडे नोंदणी असते, आपल्याला नाही. म्हणून पाटीवर किंवा कार्डावर ‘थेरपी क्लिनिक’ वगैरे लिहू नका, त्याने नसते प्रश्न निघतात.

सगळ्यात कामाची गोष्ट चलनाची. राज्य सरकारची फी ऑनलाइन भरली की ग्रास प्रणालीचं चलन निघतं, त्यावर जीआरएन क्रमांक असतो आणि तो संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो. तुमची फी एखाद्याच्या बायकोच्या फोनपे नंबरवर जात असेल, तर ती सरकारकडे जात नाही. माझी अशीच गेली. बाकी नेहमीचं आहेच: सही करण्याआधी वाचा, रोख देऊ नका, बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. सगळे सांगतात, मीही सांगते.

आणि कुठलाही कागद छाप्यापासून वाचवत नाही. १९५६चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा दाराच्या आत काय चालतं ते बघतो, भिंतीवर काय टांगलंय ते नाही. आत काही गैर आढळलं तर जागेचा मालकही अडकू शकतो, म्हणून घरमालक घाबरतात. आमच्या मालकांना मी रजिस्टर दाखवलं, मुलींशी गाठ घालून दिली. त्यांना तेवढं पुरलं.

त्या एजंटविरुद्ध पोलिसांत फसवणुकीची लेखी तक्रार दिली आहे. पूर्वीचं चारशेवीस आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ झालंय. तक्रार देताना ठाण्यातला माणूस म्हणाला, “रक्कम तशी छोटीच आहे हो.” त्याच्या पगाराच्या मानाने असेल. मी सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हलले नाही, तुम्हीही हलू नका.

तो एजंट अजून फिरतोय. ३१ ऑक्टोबर २०२६ला कुंभाचं ध्वजारोहण, २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमृतस्नानं. दमलेले यात्रेकरू पाय चेपून घ्यायला येतील या हिशोबाने पंचवटीत नवी सेंटर्स निघताहेत. तिथल्या एका ओळखीच्या बाईंना त्याने गाठलं आणि दर वाढवून सांगितला. त्यांनी मला विचारलं, मी चलन मागायला सांगितलं. कुंभाच्या फायलींचं चलन नंतर निघतं, असं उत्तर त्यांना मिळालं. पैसे त्यांनी अजून दिलेले नाहीत.