जाळी आधी, फुलं नंतर

आमचं घर पुण्यात, तळमजल्यावर. खिडक्या थेट सोसायटीच्या वाटेवर. येणारा-जाणारा आत डोकावणार, आणि जाड पडदा ओढावा तर भर दुपारी दिवा लावून तांदूळ निवडायची पाळी. म्हणून लेसचे पडदे आले आणि राहिले. ते शिवून घेताना, धुताना, बदलताना जे कळलं ते असं :

१. दुकानात लेस टेबलावर पसरून दाखवतात. तशी निवडू नये. तिथे नक्षी दिसते, जाळी दिसत नाही. कापड उचलून उजेडाकडे धरा आणि पलीकडे बघा. खिडकीला ग्रिल असेल तर मोठ्या फुलांच्या वाटेला जाऊच नका. गुलाब आणि लोखंडी चौकोन एकमेकांवर आले की दोन्हीचा विचका होतो. ग्रिलपुढे बारीक बुट्टीची सलग जाळी शोभते.

२. लेसचा आडोसा दिवसापुरता. बाहेर ऊन आणि आत सावली असेपर्यंत पांढऱ्या धाग्यांवरची चकाकी बघणाऱ्याच्या डोळ्यांवर येते, आतलं दिसत नाही. तिन्हीसांजेला आत दिवा लागला की सगळं उलटं. वाटेवरच्या माणसाला तुमच्या ताटातली भाजीसुद्धा ओळखू येते! म्हणून रॉड दोन हवेत : काचेकडच्या रॉडवर लेस, खोलीकडच्या रॉडवर जाड पडदा. ‘एकाच रॉडवर भागेल ताई,’ असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका. गडद जाळीतून बाहेरचं झाड छान दिसतं, आडोसा मात्र कमी मिळतो.

३. चार फुटांच्या खिडकीला साधी नेट आठ-दहा फूट लागते, तरच चुण्या भरदार पडतात. भरगच्च नक्षीच्या लेसला दीडपट पुरे. जास्त घेतली तर पैसे देऊन घेतलेली नक्षी चुण्यांतच जाते.

४. सुती की पॉलिएस्टर? मन सुतीकडे ओढतं. पडद्यांच्या लेसला नाव मिळालं ते सुतीमुळेच. हाताने विणलेली लेस महाग, बहुतेकांना कॉलर-बाह्यांपुरतीच परवडायची. १८४६ मध्ये इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या जॉन लिव्हसी यांनी पडद्यांची लेस विणणारं यंत्र तयार केलं आणि ती मध्यमवर्गाच्या खिडकीपर्यंत पोचली. पुढे १८७६ मध्ये अलेक्झांडर मॉर्टन यांनी ही यंत्रं स्कॉटलंडमधल्या डार्व्हेल गावात नेली, आणि ते गाव लेसचं गाव झालं. सुती लेस पडते मऊ आणि उन्हात झगझगत नाही. पण ती आटते. शिवण्याआधी भिजवून वाळवा, शिवाय खाली चांगली चार इंच दुमड राखून ठेवा. समुद्राकाठच्या पावसाळ्यात तिच्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात, ते सहजी जात नाहीत. तेव्हा माझा कौल असा : पुणे-नाशिककडे सुती, मुंबईत आणि कोकणात पॉलिएस्टर.

५. जाळी धूळ धरते, आणि रस्त्याकडच्या खिडकीत तर विचारूच नका. धुण्याआधी धातूचे हुक काढा, नाहीतर गंजाचे डाग पडतात. पडदा आधी गार पाण्यात नुसता बुडवून ठेवा. पाणी बघूनच धक्का बसेल. मग उशीच्या अभ्र्यात घालून, तोंड बांधून मशीनमध्ये, हलक्या फेऱ्यावर. पिळायचा नाही. दमटच रॉडवर चढवला की स्वतःच्या वजनाने सुरकुत्या उतरतात आणि इस्त्रीचं काम राहत नाही. पॉलिएस्टरला कडक इस्त्री लावली तर जाळी वितळून चिकटते. सुती पिवळी पडली तर नीळ घाला, पण थेंबाने. जास्त झाली की पडदा आजारी दिसतो.

६. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी जुन्या अर्ध्या पडद्याला नावं ठेवू नयेत. स्प्रिंगवर ओवलेला, खिडकीच्या निम्म्या उंचीचा लेसचा पडदा बाहेरच्याची नजर अडवतो आणि वरच्या अर्ध्यातून आभाळ मोकळं राहतं. सासूबाईंचे क्रोशाचे तुकडे कपाटात पडून असतील तर त्यांना याहून चांगली जागा नाही. झालरी, गोंडे, बाजूला बांधायचे रेशमी पट्टे यांवर खर्च करू नका. त्यांत फक्त कोळी घर करतात.

७. स्वयंपाकघरात ओट्याजवळच्या खिडकीला लेस लावूच नये. वाऱ्याची एक झुळूक आणि पडदा शेगडीवर. तिथे काच दुधी करून घ्या.