नाचणी चांगली, पण कशी आणि किती?

दोन महिन्यांपूर्वी जुहूच्या माझ्या दवाखान्यात पन्नाशीच्या एक बाई आल्या. मधुमेहाच्या जुन्या रुग्ण. उपाशीपोटीची साखर दोनशेच्या पुढे! "डॉक्टर, गहू-तांदूळ सोडले. फक्त नाचणी खाते, म्हणून गोळ्याही बंद केल्या," त्या म्हणाल्या. चौकशी केली, तेव्हा कळले की सकाळ-संध्याकाळ गूळ घातलेले नाचणीचे सत्त्व आणि जेवणात तीन-तीन भाकऱ्या चालल्या होत्या.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. तेव्हापासून ज्वारी, बाजरी, नाचणीचे महत्त्व शहरातही पटू लागले, ही चांगलीच गोष्ट आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात ते अगदी नगण्य. पण त्याच नाचणीत सुमारे दोन तृतीयांश भाग पिष्टाचा असतो, म्हणजे जवळपास गव्हाइतकाच. पोटात गेल्यावर त्याची साखरच होते.

सत्त्व करताना भिजवलेली नाचणी वाटून फडक्यातून गाळतात. चोथ्याबरोबर तंतुमय भाग निघून जातो आणि उरलेले पिष्ट चटकन पचते. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला हे उत्तम; मधुमेह्याला मात्र नाही. त्याने न चाळलेल्या पिठाची भाकरी खावी. एका वेळी एक मध्यम भाकरी, सोबत वाटीभर उसळ किंवा डाळ आणि भरपूर पालेभाजी.

भाकरी मोडते, अशी तक्रार असते. या धान्यांत गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढावी, झाकून ठेवावी आणि कोमट असताना चांगली मळावी. बाजरीच्या पिठात स्निग्धांश जास्त असल्याने ते लवकर कडवट होते. आठ दिवसांपुरतेच दळून आणावे. बाजरीतील लोह अंगी लागावे म्हणून जेवणात लिंबू पिळावे आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये.

बाईंच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या, सत्त्व बंद केले, भाकरी मात्र एकेक ठेवली. परवा तपासले, तेव्हा साखर बरीच खाली आली होती.

वाचकहो, भाकरी जरूर खा. पण ती गोळीची जागा घेत नाही. औषध कमी करायचे की नाही, हे रक्ततपासणी पाहून आपल्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.