आडव्या रेघेपाशी जरा थांबू या

मुलांना गाण्याच्या किंवा पेटीच्या क्लासला घातलं की पहिले काही महिने मजेत जातात. अलंकार होतात, एखादं भजन बसतं, आजीसमोर म्हणून दाखवलं जातं. मग स्वरलिपीची वही सुरू होते. रेघा, ठिपके, फुल्या, शून्यं. आपल्या पोटात गोळा येतो. गणित घेता येतं, मराठी घेता येतं, हे कसं घ्यायचं?

मग आपल्याला जे जमतं तेच आपण सगळे करतो, पाठ करून घेतो. तीनतालाच्या मात्रा किती? १६. विभाग? ४. टाळ्या? पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर. खाली? नवव्या. एकीकडे पोळ्या चालू, एकीकडे ही प्रश्नोत्तरं. परीक्षा जवळ आलेली असते, फी भरलेली असते आणि दिवसभराच्या धावपळीनंतर तेवढंच त्राण उरलेलं असतं.

मुलाला उत्तरं येतातही. पण हातावर ताल देत बोल म्हणायला लागलं की मध्येच कुठेतरी हात पुढे जातो आणि तोंड मागे राहतं. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकली हे आपल्या आधी त्याला कळलेलं असतं. आपण 'अरे, चुकलं बघ' म्हणेपर्यंत ते आपल्या चेहऱ्याकडे बघायला लागलेलं असतं. गाणं तिथेच थांबतं. काही मुलं मग 'आज घसा दुखतोय' म्हणतात. त्यांना आळशी म्हणू नका, ती घाबरलेली असतात.

खरं सांगू का, ही लिपी आपल्याला वाटते तितकी अवघड नाही. आपल्याकडच्या बहुतेक वह्यांत भातखंडे पद्धत असते. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) शिक्षणाने वकील. ठिकठिकाणच्या गवयांकडून ऐकलेल्या बंदिशी सगळ्यांना वाचता याव्यात अशा साध्या खुणांत त्यांनी लिहून ठेवल्या. स्वराखाली आडवी रेघ असली की तो कोमल. 'म'च्या डोक्यावर उभी रेघ असली की तीव्र. ठिपका खाली असला तर मंद्र सप्तक, वर असला तर तार. दोन स्वरांखाली कंस काढला असेल तर ते दोन्ही एकाच मात्रेत म्हणायचे. फुली म्हणजे सम, शून्य म्हणजे खाली आणि २, ३ हे टाळ्यांचे आकडे. एवढं आपल्यालाही एका संध्याकाळी मुलाशेजारी बसून समजून घेता येतं. त्यानेच आपल्याला शिकवलं तर फारच छान.

अडतं ते या खुणांपाशी नाही, स्वरांच्या मधल्या आडव्या रेघेपाशी. 'सा – रे ग' असं लिहिलं असेल तर त्या चार मात्रा आहेत आणि सा दोन मात्रा धरायचा आहे. शब्दांच्या ओळीत त्याच जागी 'ऽ' असतो. मुलाच्या डोळ्यांना मात्र ती रेघ म्हणजे रिकामी जागा दिसते. डोळे तिच्यावरून उडी मारून 'रे'वर जातात आणि एक मात्रा हरवते. पुढे सम चुकणारच. आपण त्याला वर 'चल, पटपट म्हण' सांगत असतो! अशा वेळी त्या रेघेवर बोट ठेवून फक्त 'इथे अजून सा चालू आहे, हो ना?' एवढं म्हणून बघा. मूल हसतं आणि स्वर धरून ठेवतं.

आणखी एक गंमत आपल्याला माहीत नसते. मध्यलयीतल्या तीनतालाच्या कितीतरी बंदिशी नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून उठतात. वहीतली ओळ शून्याच्या खुणेने सुरू होते. आपण म्हणतो, 'असं मधूनच काय, पहिल्यापासून म्हण.' मूल बरोबर असतं आणि तरी गोंधळतं. त्याला ते आपल्याला समजावून सांगता येत नाही. ही घुसमट फार वाईट.

विष्णु दिगंबर पलुस्करांची मला नेहमी आठवण होते. फटाक्याच्या अपघातात लहानपणीच त्यांची दृष्टी अधू झाली. त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि स्वतःची स्वरलिपीही तयार केली. ते आधी कानाने गाणं शिकले, खुणा नंतर आल्या. आपल्या मुलांनाही हाच क्रम सोपा जातो, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून वही उघडायच्या आधी थोडा वेळ नुसता ताल धरा. दादऱ्यापासून सुरुवात करा, ६ मात्रा: धा धी ना, धा ती ना. पहिल्या मात्रेवर टाळी, चौथीवर हात उलटा. आपल्याला सूर लागत नसला तरी टाळी देता येते. मग ८ मात्रांचा केरवा घ्या. भजनातला ठेकाही ८ मात्रांचाच असतो, तो मुलांच्या कानात आधीपासून असतो. जेवायला बसताना, व्हॅनची वाट बघताना, जमेल तेव्हा. रोज नाही जमलं तरी चालेल.

आणि चुकलं तर थांबवू नका. ताल तसाच चालू ठेवा, पुढच्या समेवर मूल पुन्हा येऊन मिळतं. सम स्वतःहून सापडली की त्याचा चेहरा बघा!

पुढच्या वेळी क्लासहून आणायला जाल तेव्हा बाईंना किंवा सरांना 'परीक्षेची तयारी कुठवर आली' याऐवजी एवढंच विचारा, 'सध्याची बंदिश कुठल्या मात्रेवरून उठते?' ते कळलं की घरी ताल तुम्ही धरा आणि मुखडा त्याला उचलू द्या.