पोटासाठी जिवाणूंच्या पुड्या : घ्याव्यात की नको?



लागणीच्या वेळी आपण बेणे अ‍ॅसिटोबॅक्टरच्या द्रावणात अर्धा तास बुडवतो. हे जिवाणू उसाच्या आत राहून हवेतला नत्र उसाला मिळवून देतात. हरभऱ्याला मात्र रायझोबियम लागते, आणि तेही हरभऱ्याचेच. सोयाबीनचे पाकीट तिथे चालत नाही. पाकीट उन्हात पडले किंवा मुदत संपली, की आत नुसती भुकटी उरते. हे आपल्याला पाठ आहे. पण पोट बिघडले, की दुकानदार देईल ती जिवाणूंची पुडी आपण मुकाट्याने घेतो! मी काही डॉक्टर नव्हे, पण शेतावर फिरताना हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला, की वाचून जे समजले ते मांडतो.

पोटात वारंवार कळ येते, पोट फुगते, कधी पातळ होते तर कधी कुंथत बसावे लागते; आणि तपासणीत काहीच सापडत नाही. डॉक्टर याला 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम' म्हणतात. काही सापडले नाही म्हणजे दुखणे खोटे, असे मुळीच नाही. आतडे दिसायला ठीक असते, पण त्याची हालचाल व मेंदूशी चालणारा संवाद बिघडलेला असतो. जुलाबाच्या मोठ्या आजारानंतरही ही खोड मागे राहते.

यावर जिवाणू देऊन बऱ्याच चाचण्या झाल्या. काहींची कळ आणि पोटफुगी कमी झाली, अनेकांना फरक पडला नाही. प्रत्येक चाचणीत वाण वेगळा, मात्रा वेगळी. त्यामुळे तज्ज्ञांतही एकमत नाही. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० साली चाचणीबाहेर वापराची शिफारस केली नाही. ब्रिटनच्या संस्थेने २०२१ साली सांगितले, की हवे तर १२ आठवड्यांपर्यंत घेऊन पाहा, गुण आला नाही तर बंद करा. मला हा दुसरा सल्ला शेतकऱ्याच्या पद्धतीचा वाटतो. एकच वाण घ्या, पाकिटावर त्याचे पूर्ण नाव व मुदत पाहा, वहीत रोजची नोंद ठेवा. दर पंधरवड्याला पुडी बदलली तर कशाने काय झाले, ते कळणार कसे?

दह्याचे काय? घरच्या विरजणात जिवाणू असतात, पण कोणते व किती हे ठरलेले नसते. कढी उकळली की तेही मरतात. मात्र दुधाने ज्यांचे पोट फुगते, त्यांना दही सहसा सोसते, कारण दुधातली साखर पचवायला विरजणाचे जिवाणू मदत करतात. इसबगोलाचाही बऱ्याच जणांना उपयोग होतो. गव्हाच्या कोंड्याने मात्र त्रास वाढू शकतो.

आता महत्त्वाचे. शौचातून रक्त, घटणारे वजन, अंगात रक्त कमी होणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली तक्रार, यांपैकी एक जरी असेल तर पुड्यांत दिवस घालवू नका. तोडणी चालू असली तरी आधी दवाखाना गाठा. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी ही पाकिटे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.