मोकळ्या हवेत, आपल्या गतीने
स्वमग्न व अतिचंचल प्रौढांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी

वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणजे स्वमग्नता संपत नाही. अवधान-न्यूनता व अतिचंचलता, म्हणजेच एडीएचडी, हीदेखील अनेकांच्या बाबतीत प्रौढ वयात टिकून राहते. शाळा सुटते, नेहमीचे उपचारवर्ग थांबतात आणि पुष्कळदा ही प्रौढ व्यक्ती घराच्या चार भिंतींतच राहू लागते. बाहेर पडावे तर वाहनांचे कर्णे, गर्दी आणि अनोळखी लोकांचे प्रश्न समोर उभे राहतात. बंगळुरूसारख्या महानगरात ही अडचण रोजची आहे. परंतु तिच्यावरील एक सोपा उपायही याच शहरात आहे.

निसर्ग का उपयोगी पडतो

अशा अनेक व्यक्तींना आवाज, प्रकाश, वास व स्पर्श इतरांपेक्षा अधिक तीव्रतेने जाणवतात. मेंदूला नको असलेले आवाज बाजूला सारणे कठीण जाते आणि त्यातून थकवा व चिडचिड येते. झाडांखालील उजेड सौम्य असतो. पानांची सळसळ सहसा एकाएकी दचकवीत नाही. मुख्य म्हणजे झाड कोणताही प्रश्न विचारीत नाही आणि उत्तराची अपेक्षाही ठेवीत नाही. इंग्लंडमधील सुमारे २०,००० व्यक्तींच्या माहितीवर आधारित, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आठवड्यात एकूण १२० मिनिटे किंवा अधिक वेळ निसर्गात घालविणाऱ्यांनी आपले आरोग्य व समाधान चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. हा उपचार नव्हे आणि स्वभाव ‘सुधारण्याचे’ साधनही नव्हे. हा विसावा आहे.

कोठे व केव्हा जावे

हैदर अलीने १७६० मध्ये आरंभिलेली लालबाग सुमारे २४० एकरांवर पसरली आहे. तेथील खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्यावर नुसते बसून राहणे हादेखील एक पूर्ण उपक्रम आहे. कब्बन पार्क १८७० मधील असून शहराच्या मध्यभागी आहे. दोन्ही उद्यानांच्या नावाचे मेट्रो स्थानक आहे. सकाळी लवकर, शक्यतो कामाच्या दिवशी जावे. प्रजासत्ताक दिन व स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास लालबागेत पुष्पप्रदर्शन भरते. त्या दिवसांतील गर्दी टाळावी. लांब जाणे शक्य नसल्यास गल्लीतील लहान उद्यान, गच्ची किंवा गॅलरीतील चार कुंड्याही पुरेशा आहेत.

काय करता येईल

• एकच झाड निवडून वर्षभर त्याचे निरीक्षण करावे. पाने केव्हा गळली, मोहोर केव्हा आला, याची नोंद ठेवावी.
• आकाशात घिरट्या घालणाऱ्या घारी मोजाव्यात, किंवा तांबट पक्ष्याचा एकसुरी ‘टुक् टुक्’ आवाज ऐकावा.
• गळून पडलेली पाने आकारानुसार मांडावीत. झाडावरची तोडू नयेत.
• सोबत्याने शेजारी चालावे, पण बोलण्याचे बंधन नसावे.
• कुंडीतील माती मोकळी करावी. स्पर्श नकोसा वाटल्यास हातमोजे घालावेत.

निघण्यापूर्वी

पहिली भेट दहा मिनिटांचीच ठरवावी. जागेची छायाचित्रे आधी दाखवावीत. प्रवेशद्वार, स्वच्छतागृह आणि परतीची वाट निश्चित करावी. ‘आता पुरे’ यासाठी एक खूण ठरवावी आणि ती दिसताच कारण न विचारता परतावे. कानांवरचे ध्वनिरोधक, टोपी, पाणी व ओळखीचा खाऊ सोबत घ्यावा. बोलणे कठीण जाते त्यांनी कन्नड व इंग्रजीत लिहिलेले छोटे कार्ड जवळ ठेवावे. रखवालदारास ‘दयविट्टु स्वल्प समय कोडि’, म्हणजे ‘कृपया थोडा वेळ द्या’, एवढे वाक्यही उपयोगी पडते.

कुटुंबीयांना विनंती

‘एवढे आलोच आहोत तर संपूर्ण बाग पाहू,’ असा आग्रह धरू नये. हात हलविणे, डुलणे किंवा तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणे यांतून अनेकांना शांतता मिळते; लोक पाहतात म्हणून ते थांबवू नये. भावंडांशी तुलना करू नये. कोठे जायचे, किती वेळ थांबायचे, हे त्या व्यक्तीस ठरवू द्यावे. ती प्रौढ आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. तिची अडचण हा नखरा नव्हे.

वैद्यकीय दक्षता

• काही व्यक्तींना तहान किंवा उष्मा वेळेवर जाणवत नाही. ठरावीक वेळाने पाणी द्यावे.
• मानसिक आजारांवरील काही औषधांमुळे ऊन बाधण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांना विचारावे, औषध स्वतःहून बंद करू नये.
• स्वमग्न व्यक्तींमध्ये अपस्माराचे, म्हणजे फिट्सचे, प्रमाण अधिक आढळते. फिट्स येत असल्यास तळ्याकाठी किंवा उंच खडकावर एकटे जाऊ नये.
• डासांपासून संरक्षणासाठी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. मधमाश्यांच्या पोळ्याखाली थांबू नये.

मदत केव्हा घ्यावी

झोप उडणे, जेवण सुटणे, आवडत्या गोष्टींतही मन न रमणे किंवा जगणे नकोसे वाटणे ही लक्षणे दिसल्यास केवळ फिरण्यावर विसंबू नये. टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून दिवसरात्र उपलब्ध आहे. बंगळुरूत होसूर रस्त्यावरील निम्हान्स येथे तज्ज्ञांचा सल्ला मिळतो. जिवास तातडीचा धोका असल्यास ११२ वर संपर्क साधावा.

या आठवड्यात दहा मिनिटे, एक झाड, एक सोबती. एवढ्यानेच आरंभ करावा. त्या दिवशी दारापर्यंत जाऊन परत यावे लागले, तरी तो प्रयत्न वाया गेला असे मानू नये.