तरलेल्यांचे सल्ले

‘काही होत नाही. राहू दे तिला आणखी महिना-दोन महिने. आमची ही दीड वर्ष पुण्यात होती, अकामा मी इथे बसून रिन्यू केला.’

डिसेंबर 2022 मधल्या एका शुक्रवारी सकाळी मी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एवढंच टंकलं आणि मासळी आणायला सूक शर्कला निघून गेलो. परत आलो तोवर अकरा अंगठे वर झाले होते. दोघांनी ‘आमचंही तसंच’ म्हणून पुस्तीही जोडली होती. मी लिहिलेल्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तरीही त्यापायी एक घर सव्वा वर्ष दोन देशांत फाटून राहिलं. ही गोष्ट मी मिरवायला सांगत नाही. तुमच्या हातून असं होऊ नये म्हणून सांगतो.

शर्क म्हणजे कुवेत शहराचा पूर्वेकडचा, समुद्राला टेकलेला भाग. 2006 पासून मी इथे एका कंपनीत हिशेब सांभाळतो. आमच्या ऑफिसजवळचा हमरा टॉवर माझ्या डोळ्यांदेखत उभा राहिला. 412 मीटरचा तो मनोरा 2011 मध्ये पुरा झाला, तोवर मीही ‘जुना माणूस’ झालो होतो. परदेशात ‘जुना माणूस’ ही पदवी फार लवकर मिळते आणि फार लवकर डोक्यातही जाते. पोरं ‘काका, तुम्हीच सांगा’ म्हणतात, आणि काका सांगत सुटतात.

आमच्या ग्रुपवर दिवसभर काय चालत नाही? झुबैदी, म्हणजे आपलं पापलेट, आज बाजारात कितीला आहे? दिनारचा भाव चढला का? हळदीची पानं कुठे मिळतील? पुरणयंत्र कुणाकडे आहे? नाटकाची तालीम किती वाजता? इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, घड्याळ भारताच्या अडीच तास मागे. त्यामुळे आपण सकाळी डोळे चोळत असतो तेव्हा गावाकडच्या बातम्या येऊन शिळ्याही झालेल्या असतात. हे सगळं छान चालतं. गोंधळ होतो तो याच रांगेत अकाम्याचा, म्हणजे वास्तव्याच्या परवान्याचा, प्रश्न येऊन बसतो तेव्हा. विचारणाऱ्याचा सूर तोच असतो आणि सांगणाऱ्याचा उत्साहही तोच.

प्रश्न विचारला होता साताऱ्याकडच्या एका मुलाने. बायको पहिल्या बाळंतपणासाठी जुलै 2022 मध्ये माहेरी कराडला गेली होती. ऑक्टोबरात मुलगा झाला. आता बाळाचा पासपोर्ट, मग व्हिसा. शिवाय आजीला नातवाचं बोरन्हाण करायचं होतं. संक्रांत मध्य जानेवारीत, म्हणून तिकीट फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याचं काढावं का, एवढंच तो विचारत होता.

इथला जुना नियम असा, की सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिलं तर अकामा आपोआप रद्द. कोविडमध्ये विमानंच बंद झाल्यावर सरकारने तो बाजूला ठेवला होता. माझी बायको मार्च 2020 मध्ये पुण्याला गेली, अडकली आणि सप्टेंबर 2021 मध्ये परतली. तिचा अकामा मी ऑनलाइन वाढवला, विमानतळावर कुणी हूं की चूं केलं नाही. माझ्या सल्ल्यामागचा ‘अनुभव’ तो हा. पण 2022 मध्ये सवलत उठली. बावीस नंबरच्या, म्हणजे कुटुंबाच्या व्हिसावर असलेल्यांसाठी 1 ऑगस्ट 2022 पासून दिवस मोजायला लागले, म्हणजे 31 जानेवारी 2023 च्या आत परतणं भाग होतं. एका बाईंनी त्या सकाळी लिहिलंही होतं, ‘पेपरात जानेवारीअखेरची तारीख आलीये म्हणे, एकदा बघून घ्या.’ त्यावर मी हसणारा चेहरा टाकून उत्तर दिलं, ‘इथल्या पेपरात रोज काहीतरी येतं.’

फेब्रुवारीत त्याने बायकोचा अकामा तपासला. रद्द. आणि नवा काढावा तर बायकोला आणण्याचे कुटुंब व्हिसे 2022 च्या उन्हाळ्यापासून बंद होते, भेटीचेही बंद. ते दार उघडलं 28 जानेवारी 2024 ला, तेही 800 दिनार पगार आणि पदवी अशी अट घालून. त्याआधी पगाराची अट 500 दिनारची होती आणि त्याचा पगार साडेपाचशे, त्यामुळे तो जुन्या नियमात बसत होता, नव्यात नाही. एप्रिल 2024 मध्ये तो नोकरी सोडून गेला.

मी माफी मागितली तेव्हा तो म्हणाला, ‘काका, निर्णय माझाच होता.’ त्याने मला हलकं करायचा प्रयत्न केला. मी हलका झालो नाही.

अकामा रद्द झाल्याचं कळलं त्या रात्री मी पहिल्यांदा काय केलं, तेही सांगतो. माझा मेसेज शोधला आणि सगळ्यांसाठी पुसायला गेलो. मुदत केव्हाच उलटून गेली होती. पुसला जात होता तो फक्त माझ्या फोनवरून. ‘मी सांगितलं ते चुकीचं होतं’ हे लिहायला मला आणखी आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत माझा जुना सल्ला अकरा अंगठ्यांसकट तिथेच होता, कुणाच्याही हाती लागेल असा.

तेव्हापासून मी या ग्रुपांकडे वेगळ्या नजरेने पाहतो. ज्याचं काम फसलं तो बहुतेक वेळा इथे उरतच नाही. अकामा गेला की माणूस जातो, कुवेतचा नंबर बंद होतो, ग्रुप सुटतो. मागे राहतात ते तरलेले. म्हणून ‘कुणाला असा अनुभव आहे का?’ असं विचारलं की दहाच्या दहा उत्तरं ‘काही होत नाही’ अशीच येतात. बुडालेला साक्ष द्यायला येत नसतो.

म्हणून विचारणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: कुणी ‘माझं झालं’ म्हणाला, तर आधी तीन गोष्टी विचारा. कोणत्या साली? कितव्या नंबरच्या व्हिसावर? अर्ज कुणी केला, तुम्ही की कंपनीच्या मंदूबने, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामं करणाऱ्या माणसाने? अठरा नंबर म्हणजे खासगी नोकरी, वीस म्हणजे घरकामगार, बावीस म्हणजे कुटुंब. तिन्हींचे नियम वेगळे. नव्या वास्तव्य कायद्यात घरकामगारांना बाहेर राहायची मुभा चार महिन्यांचीच आहे. आणि साल तर विचाराच. अठरा नंबरवाल्याला 1 जुलै 2025 पासून देश सोडताना मालकाच्या मंजुरीचा एक्झिट परमिट लागतो. त्याआधी वीस वर्षं बिनपरवाना ये-जा केलेल्या माणसाचा अनुभव त्या दिवशी बाद झाला, आणि हे त्याच्या लक्षातही आलेलं नसेल.

दुसरं, प्रस्ताव आणि निर्णय यांची गल्लत करू नका. परदेशी लोकांच्या घरी पाठवायच्या पैशावर कर बसणार, ही बातमी मी किती वर्षं वाचतोय. खासदारांनी तो प्रस्ताव पुन्हा पुन्हा आणला, त्याचा कायदा झाला नाही. अशा दहा बातम्या पोकळ निघाल्या की अकरावी खरी असली तरी आपण हसतो. मी नेमका तिथेच घसरलो. इथे कायदा झाला की तो ‘कुवेत अल-यौम’ या सरकारी राजपत्रात छापून येतो. गृहखातं आपले निर्णय स्वतः जाहीर करतं, सरकारी वृत्तसंस्था ‘कुना’ ते देते. बातमीत ‘विचाराधीन’ आहे की ‘अमुक तारखेपासून लागू’, एवढं पाहिलं तरी निम्मं काम होतं. तारीख दिसली की हसू नका, थांबा.

तिसरं, कागद, पैसा आणि औषध या तीन बाबतींत ग्रुपकडून उत्तर घेऊ नका, पत्ता घ्या. कुठे विचारायचं, कोणती खिडकी, किती वाजता जायचं, हे ग्रुप उत्तम सांगतो. उत्तर मात्र जवाजातमधून म्हणजे पासपोर्ट कचेरीतून घ्या, मंदूबकडून घ्या, भारतीय दूतावासाच्या ओपन हाउसमध्ये जाऊन घ्या. अकाम्याची मुदत ‘सहल’ ॲपवर स्वतः बघा. आणि घरचं माणूस देशाबाहेर पडलं, की पासपोर्टवरच्या शिक्क्यापासून दिवस मोजून कॅलेंडरवर पाचव्या महिन्यावर लाल खूण करा. कोळंबीचा भाव चुकला तर अर्धा दिनार जातो. अकाम्याचा सल्ला चुकला तर संसार अडकतो.

चौथं, पुढे ढकलण्याआधी विचार करा. 2015 चा 63 क्रमांकाचा सायबर गुन्ह्यांचा कायदा इथे जानेवारी 2016 पासून लागू आहे. ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ ही सबब तुम्हाला वाचवेल, या भरवशावर राहू नका. पोलिसाच्या गणवेशातल्या माणसाचा व्हिडिओ कॉल आला आणि तो सिव्हिल आयडी बंद पडल्याचं सांगून ओटीपी मागू लागला, तर फोन ठेवा आणि ते मात्र ग्रुपवर जरूर सांगा. असल्या कामात ग्रुपला तोड नाही. जून 2024 मध्ये मंगफ भागातल्या एका इमारतीला आग लागून अनेक भारतीय गेले, त्या सकाळी दूतावासाचा मदतीचा नंबर मला आमच्या ग्रुपवरच सगळ्यात आधी मिळाला होता.

आणि शेवटचं, माझ्यासारख्या काका-काकूंसाठी. उत्तर देताना साल लिहा. परिस्थिती वेगळी असेल तर तेही लिहा. ‘काही होत नाही’ हे शब्द बोटांवर येऊ देऊ नका. झालं तर ते आपल्याला होणार नसतं. चुकलं तर पुसू नका, त्याच मेसेजला जोडून दुरुस्ती लिहा, आणि आठ दिवस थांबू नका.

तो गेला त्या आठवड्यात ग्रुपवर बारीक अक्षरांत ओळ उमटली, की अमुक सदस्य बाहेर पडला. तिच्या खाली तासाभरात कुणी नव्या मुलाने विचारलं, ‘बायको गावी आहे, सहा महिन्यांचा नियम अजून पाळतात का?’ दोघांनी लगेच लिहिलं, ‘काही होत नाही.’

मी मंदूबला फोन केला, मग टंकलं: ‘पाळतात. 2023 मध्ये आपल्याच ग्रुपवरच्या एकाच्या बायकोचा अकामा असाच रद्द झाला. तो आज ग्रुपवर नाही, म्हणून मी सांगतोय. त्याला चुकीचा सल्ला मीच दिला होता.’

या मेसेजला एकही अंगठा आला नाही. त्या मुलाने मात्र वेगळा मेसेज करून जवाजातची वेळ विचारली.